कुंडीत भाजी लावताना आधी मुळांचा विचार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बाल्कनीत आठ इंची सहा कुंड्या आहेत. प्रत्येकीच्या तळाशी खड्यांचा थर आणि वर बागेतून आणलेली माती. दोन कुंड्यांत टोमॅटो, दोनमध्ये मिरची, एकीत कोथिंबीर, एकीत पालक. सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी. तीन महिन्यांनंतर टोमॅटोची फुलं गळून जातायत, मिरचीची पानं पिवळी पडलीयत, कोथिंबीर उगवलीच नाही आणि पालक चार पानांवर अडकलाय. चूक कुठे झाली आणि पहिल्यांदा लावणाऱ्याने सुरुवात कशाने करावी, असं तुम्ही विचारलंय.

तुमच्या कष्टात काही कमी नाही. तुम्ही जे केलंत त्यातलं जवळजवळ सगळं मीही पहिल्या वर्षी केलं होतं, कारण जमिनीतली बाग डोळ्यांसमोर ठेवून आपण कुंडी भरतो. जमिनीतलं मूळ पाण्यासाठी खोल जातं, अन्नासाठी आडवं पसरतं, एका बाजूला चिखल असेल तर दुसऱ्या बाजूला वळतं. कुंडीतल्या मुळाला यातलं काहीच करता येत नाही. तुम्ही दिलेली जागा, तुम्ही भरलेलं मिश्रण आणि तुम्ही घातलेलं पाणी, एवढंच त्याचं जग. म्हणून कुंडीत भाजी लावताना मी झाडाआधी मुळांचा विचार करते. तुमच्या चार तक्रारींपैकी तीन मुळांपाशीच सुरू होतात.

आधी जागेचं बघू. आठ इंची कुंडी म्हणजे साधारण २० सेंटीमीटर व्यास आणि तेवढीच उंची. बाजू सरळ धरल्या तरी त्यात सव्वासहा लिटर मिश्रण मावतं, आणि खाली निमुळती असेल तर त्याहूनही कमी. आता १२ इंची कुंडी घ्या, ३० सेंटीमीटर व्यास आणि ३० उंची. तिच्यात २१ लिटर मावतं. मापात दहाच सेंटीमीटर वाढले, पण मुळांची जागा तिपटीहून जास्त झाली. कुंड्या निवडताना आपण तोंडाचा व्यास बघतो, झाड मात्र लिटर मोजतं. माझा हिशोब असा: टोमॅटो आणि वांग्याला एका झाडाला किमान २० लिटर, मिरचीला १० ते १२, काकडी किंवा दोडक्यासारख्या वेलाला २५च्या पुढे. पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस यांना लिटरपेक्षा पसरट जागा हवी. १५ ते २० सेंटीमीटर खोलीचा लांबट ट्रे त्यांना पुरतो. मुळ्याला २० ते २५ आणि गाजराला ३० सेंटीमीटर खोली द्या, नाहीतर ती तळाला टेकून वाकडी होतात.

मोठ्या कुंडीचा खरा फायदा नवशिक्याला होतो, हे सहसा सांगितलं जात नाही. लहान कुंडी उन्हात पटकन कोरडी पडते, तिचं मिश्रण लवकर तापतं, दिलेलं खत लवकर धुऊन जातं. मोठ्या कुंडीत हे सगळं सावकाश घडतं आणि चूक सुधारायला वेळ मिळतो. सहा लहान कुंड्यांपेक्षा दोन मोठ्या कुंड्या आणि एक ट्रे सांभाळणं कितीतरी सोपं जातं.

कुंडी कशाची असावी, यावर मी फार वेळ घालवणार नाही. मातीची कुंडी बाजूंनीही पाणी सोडते, म्हणून लवकर सुकते. प्लास्टिकची पाणी धरून ठेवते, पण काळ्या रंगाची असेल तर उन्हाच्या बाजूची मुळं भाजतात. कापडी ग्रो बॅग मला आवडते, कारण कडेला पोचलेलं मूळ हवेमुळे तिथेच थांबतं आणि मागे नवे फाटे फुटतात, त्यामुळे मुळं गोल-गोल गुंडाळली जात नाहीत. तिला पाणी मात्र जास्त वेळा लागतं. जुनी बादली चालेल, फक्त तिच्यात आधी रंग, कीटकनाशक किंवा कसलंही रसायन असता कामा नये. तळाला बोटाच्या जाडीची चार-पाच छिद्रं हवीत आणि कुंडी जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटर उचललेली हवी, म्हणजे छिद्रं बुजत नाहीत. बाल्कनीत कुंड्या मांडताना वजनही लक्षात घ्या. नुसत्या ओल्या मातीने भरलेली २० लिटरची कुंडी ३० किलोच्या पुढे जाते. कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचं, हलकं मिश्रण असेल तर वजन बरंच कमी राहतं. जड कुंड्या कठड्यावर न ठेवता भिंतीलगत खाली ठेवा.

आता मातीकडे येते, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पिवळ्या मिरचीचं उत्तर इथे आहे.

बागेतली माती जमिनीत चांगली असते, कारण तिथे गांडुळं आणि मुळं तिला सतत पोकळ करत असतात आणि जादा पाणी खाली निघून जातं. तीच माती कुंडीत भरली की रोजच्या पाण्याने बसत जाते. तिच्यातल्या हवेच्या जागा बुजतात. मुळांना श्वासासाठी प्राणवायू लागतो, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. म्हणजे माती सतत चिंब राहिली की मूळ गुदमरतं. गुदमरलेलं मूळ पाणी आणि अन्न उचलू शकत नाही, म्हणून पानं पिवळी पडतात आणि झाड मलूल दिसतं. आपल्याला वाटतं तहान लागलीय, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. तुमच्या मिरचीचं हेच झालंय असं मला वर्णनावरून वाटतं.

खड्यांच्या थराने निचरा सुधारतो, हा समज फार पक्का आहे. प्रत्यक्षात त्याने उलट होतं. घरी एक प्रयोग करून बघा. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज उभा करा. परत पाणी ठिबकायला लागेल. स्पंजाच्या तळाशी ठरावीक उंचीचा एक थर नेहमी चिंब राहतो. स्पंज आडवा असताना तो थर रुंद होता, उभा केल्यावर अरुंद झाला, म्हणून जास्तीचं पाणी गळून गेलं. कुंडीतल्या मिश्रणातही तळाशी असा चिंब थर असतोच. बारीक कणांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय ते खड्यांत शिरत नाही. त्यामुळे खाली खडे घातले की तो चिंब थर नाहीसा होत नाही, खड्यांच्या वर चढतो. आधीच सहा लिटरची कुंडी, त्यात खड्यांनी एक-दीड लिटर जागा घेतली आणि चिंब थर मुळांच्या आणखी जवळ आला. खडे काढून टाका. माती वाहून जाईल अशी भीती असेल तर छिद्रांवर जाळीचा तुकडा किंवा सुकं पान ठेवा, तेवढं पुरतं.

मग भरायचं काय? मी मापाने, म्हणजे एकाच डब्याने मोजून, दोन भाग कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक भाग जाडसर काहीतरी घेते. हे जाडसर म्हणजे परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे), भाताची तुसं किंवा चाळून बारीक धूळ काढलेली भरड वाळू. माती वापरायचीच असेल तर माती, कंपोस्ट आणि कोकोपीट समान भागांत घ्या आणि त्यात मूठ-दोन मुठी भरड वाळू घाला. कंपोस्ट अर्धवट कुजलेलं नको. त्याला मातीचा वास यायला हवा. आंबूस किंवा उग्र वास येत असेल तर ते अजून शिजतंय. तसंच कुंडीत घातलं तर ते तापतं आणि कोवळी मुळं जळतात.

कोकोपीटबद्दल एक सूचना आवर्जून. दाबलेली पाच किलोची वीट फुलून साधारण ६० ते ७० लिटर होते, म्हणून बादली मोठी घ्या. त्यात बऱ्याचदा क्षार असतात. पाण्यात फुलवा, पिळून पाणी फेका, परत भिजवा, असं दोन-तीनदा करा. निघणारं पाणी गडद तपकिरी असतं ते फिकट चहासारखं दिसू लागलं की पुरे. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये रोपांच्या पानांच्या कडा करपताना मी खूपदा पाहिल्या आहेत, आणि दोष दरवेळी बियाण्याला दिला जातो.

मिश्रण जमलं की नाही हे बघायची रीत सोपी आहे. ओलं मिश्रण मुठीत घट्ट दाबा. गोळा व्हायला हवा, पण बोटाने टोचल्यावर तो भुसभुशीत फुटायला हवा. फुटलाच नाही तर जाडसर घटक वाढवा. गोळा झालाच नाही तर कंपोस्ट वाढवा. मग कुंडी भरा, काठापासून तीन-चार सेंटीमीटर जागा मोकळी सोडा आणि लिटरभर पाणी ओता. पाणी एखाद्या मिनिटात आत जिरलं पाहिजे. वर तळं साचून राहत असेल तर अजून लावू नका.

पाणी किती आणि कधी, याला वेळापत्रक नाही. सकाळ-संध्याकाळ हा नियम तुमच्या सोयीचा आहे. झाडाची गरज ऊन, वारा, त्याचं वय आणि कुंडी यांप्रमाणे रोज बदलते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण पाच सेंटीमीटर आत घाला. आत ओल लागली तर पाणी घालू नका, वरचा थर कितीही कोरडा दिसो. कोरडं लागलं तर भरपूर घाला, तळाच्या छिद्रांतून थोडं बाहेर येईपर्यंत. घातलेल्या पाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढं बाहेर पडलं की सगळीकडे पोचलं असं समजा. थोडं-थोडं शिंपडण्याची सवय वाईट, कारण वरचे चार सेंटीमीटर ओले राहतात, मुळं तिथेच घुटमळतात आणि दुपारच्या उन्हात पहिली तीच सुकतात. थाळीत साचलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून द्या. काही आठवडे असं केलंत की बोट घालायचीही गरज उरत नाही. कुंडी जराशी तिरकी करून वजनावरूनच कळायला लागतं.

नुकतं लावलेलं रोप कपभर पाण्यात दोन दिवस काढतं. तेच टोमॅटोचं झाड भर उन्हात फळांनी लगडलं की दिवसाला दोन लिटरच्या पुढे पिऊ शकतं. दुपारी पानं लोंबलेली दिसली तर लगेच पाण्याकडे धावू नका, आधी बोट घालून बघा. माती ओली असेल आणि संध्याकाळपर्यंत पानं परत ताठ होत असतील तर झाड फक्त उन्हाने दमलंय. उलट मिश्रण एकदा पार कोरडं झालं असेल तर पाणी कडेकडेने सरळ खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी अर्धा तास पाण्याने भरलेल्या टबमध्ये ठेवा, म्हणजे ती खालून पाणी शोषून घेते. मिश्रणावर सुक्या पानांचं किंवा गवताचं दोन-तीन सेंटीमीटर आच्छादन घातलं तर पाण्याची गरज चांगलीच कमी होते. आच्छादन खोडाला चिकटवू नका.

काय लावायचं हे तुमची आवड ठरवत नाही, तुमचं ऊन ठरवतं. एक सुट्टीचा दिवस काढा आणि जिथे कुंड्या ठेवायच्या तिथे दर तासाला थेट ऊन आहे का ते कागदावर लिहा. थेट म्हणजे जिथे हाताची ठसठशीत सावली पडते ते. फळं देणाऱ्या भाज्यांना, म्हणजे टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी यांना, सहा ते आठ तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या तीन-चार तासांत भागवतात. तीन तासांच्या उन्हात टोमॅटो लावला तर तो उंच, बारीक आणि पानांचा होईल, आणि त्याला कोणतंही खत दिलंत तरी फळ येणार नाही. तासांची ही यादी ऋतू बदलला की परत करा, कारण सूर्य सरकतो आणि समोरच्या भिंतीची सावलीही सरकते.

सुरुवातीसाठी माझी निवड ठरलेली आहे: मेथी, मुळा, पालक आणि मिरचीचं एक झाड. जागा आणि ऊन असेल तर फरसबीची ठेंगणी जात. मेथी दोन-चार दिवसांत उगवते आणि तीन-चार आठवड्यांत कापायला येते. मुळ्याच्या लवकर येणाऱ्या जाती महिनाभरात उपटता येतात. पहिल्या महिन्यात काहीतरी हाती लागणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण टोमॅटोची वाट बघताना अनेकांचा धीर सुटतो आणि कुंड्या रिकाम्या पडतात. पालेभाजी सगळी एकदम पेरू नका. ट्रेचा तिसरा हिस्सा आज, पुढचा दहा दिवसांनी, त्यापुढचा आणखी दहा दिवसांनी. पालक मुळासकट उपटू नका. बाहेरची पानं खुडा आणि मधला कोंब ठेवा, म्हणजे एकाच पेरणीतून तीन-चार खुडे मिळतात.

तुमचा पालक चार पानांवर थांबलाय तो बहुधा दाटीमुळे. आठ इंची कुंडीत चिमूटभर बी टाकलं की तीस रोपं येतात आणि सगळी एकमेकांशी भांडत बसतात. विरळणी करताना मन दुखतं, हे मला माहीत आहे. तरीही दोन रोपांत सात-आठ सेंटीमीटर अंतर ठेवून बाकीची कात्रीने जमिनीलगत कापा. उपटलीत तर शेजारच्यांची मुळं हलतात. कापलेली कोवळी पानं खाता येतात, वाया काही जात नाही.

कोथिंबीर न उगवण्याची कारणं ठरलेली आहेत. धणा म्हणजे एक बी नसतं, ते फळ आहे आणि आत दोन बिया असतात. हलक्या हाताने लाटण्याने दाबून त्याचे दोन भाग करा. भुगा करू नका. मग रात्रभर पाण्यात भिजवा आणि एक सेंटीमीटर खोल पेरा. उगवायला एक ते तीन आठवडे लागतात आणि तेवढा सगळा काळ वरचा थर ओलसर हवा. एक दुपार जरी तो कडक वाळला तर फुटलेला कोंब मरतो. स्वयंपाकघरातले धणे किती जुने आहेत ते आपल्याला कळत नाही, म्हणून पेरणीचं बी वेगळं आणा. ते जिवंत आहे का हे दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून, डब्यात ठेवून तपासता येतं. दहापैकी सहा-सात फुटले तर पेरा. दोनच फुटले तर ते पाकीट सोडून द्या. हवा तापली की कोथिंबीर लवकर फुलावर येते, ते थांबवता येत नाही. म्हणून ती थंडाव्याच्या दिवसांत किंवा दुपारच्या सावलीत लावावी. तिला सोटमूळ असतं, त्यामुळे एका जागेवरून काढून दुसरीकडे लावलेली तिला सोसत नाही. गाजर आणि मुळ्याचंही तेच. ही सगळी थेट कायमच्या जागी पेरायची.

बी किती खोल पेरायचं याचा सोपा अंदाज म्हणजे बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट. टोमॅटोचं बी साधारण आठवड्याभरात उगवतं. मिरचीला २५ ते ३० अंश तापमानातही आठ ते पंधरा दिवस लागतात आणि थंडीत त्याहून बरेच जास्त, म्हणून आठव्या दिवशी माती उकरून बघू नका. रोपांना चार-सहा खरी पानं (बीतून निघणारी पहिली दोन सोडून पुढची) आली की मोठ्या कुंडीत हलवा, पण त्याआधी आठवडाभर रोज थोडं-थोडं वाढवत उन्हाची सवय लावा. टोमॅटोचं रोप लावताना खालची पानं काढून खोडाचा निम्मा भाग मिश्रणात गाडा. त्याच्या खोडाला मुळं फुटतात आणि झाड मजबूत होतं. मिरची, वांगी मात्र होती तेवढ्याच खोलीवर ठेवा. आधाराची काठी लावणीच्याच दिवशी रोवा. महिन्याने रोवलीत तर ती पसरलेल्या मुळांमधून जाईल.

आता टोमॅटोची फुलं. फुलगळीची मी तीन कारणं बघते. पहिलं तापमान: दिवसा ३२ ते ३५ अंशांच्या पुढे किंवा रात्री २४ अंशांच्या पुढे गेलं की परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल देठापासून सुटतं. रात्र १३ अंशांखाली गेली तरी तेच होतं. यावर औषध नाही, दुपारी सावलीचं कापड बांधा आणि ऋतू बदलायची वाट बघा. दुसरं परागीभवन: टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी भाग असतात, पण पराग झडायला फूल हललं पाहिजे. बंद बाल्कनीत वारा आणि माश्या नसतात. सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या देठाला टिचकी मारा किंवा बॅटरीचा टूथब्रश देठाला दोन सेकंद टेकवा. तिसरं कारण म्हणजे झाडावर ताण: एक दिवस कोरडं, एक दिवस चिंब, आणि मुळांना जागा नाही. सहा लिटरच्या कुंडीत हा ताण कायमचा असतो, म्हणून तुमच्या बाबतीत मी आधी यालाच हात घालीन.

काकडी, दुधी, भोपळा यांचं वेगळं आहे. त्यांची नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. सुरुवातीला बहुधा नर फुलंच येतात आणि गळतात. ते बरोबरच आहे, घाबरू नका. मादी फुलामागे इवलंसं फळ असतं. नर फूल खुडून, पाकळ्या काढून, मधला दांडा मादी फुलाच्या मध्यावर हळूच फिरवा. काकडीसाठी हे सकाळी करायचं, दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा त्याची वेळ संध्याकाळची.

पुढे फळं धरली की टोमॅटोच्या बुडाशी काळा, दबलेला डाग दिसू शकतो. तो रोग नाही. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पाण्याबरोबर जातं, आणि पाणी अनियमित झालं की टोकाला ते कमी पडतं. अंड्याची टरफलं पुरण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण ती विरघळायला खूप काळ घेतात, चालू पिकाला त्यांचा उपयोग होत नाही. पाणी एकसारखं ठेवा, पुढची फळं चांगली येतात.

खताबद्दल. कुंडीतून पाणी बाहेर पडतं तेव्हा विरघळलेलं अन्नही बाहेर जातं, त्यामुळे सुरुवातीला घातलेलं कंपोस्ट चार-सहा आठवडे पुरतं, त्यापुढे झाड उपाशी राहतं. पालेभाज्यांना दर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत वरून घालून हलकेच मिसळलं तरी भागतं. टोमॅटो, वांगी यांना माझ्या अनुभवात तेवढं पुरत नाही. त्यांना २० लिटरच्या कुंडीत दर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत आणि शिवाय दर दहा-पंधरा दिवसांनी पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, आधीच ओल्या असलेल्या मिश्रणावर. पाकिटावरचे तीन आकडे नत्र (N), स्फुरद (P) आणि पालाश (K) यांचे असतात. फुलं यायला लागली की पालाश जास्त असलेलं निवडा. नत्र जास्त झालं तर झाड गर्द हिरवं, दणकट होतं आणि फुलतच नाही. कुंडीच्या काठाला किंवा मिश्रणावर पांढरा थर दिसला तर ते साचलेले क्षार आहेत. कुंडीच्या दुप्पट मापाचं साधं पाणी सावकाश ओतून ते धुऊन काढा.

पिवळं पान कुठलं आहे तेही बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत वर येत असतील आणि माती चिंब नसेल, तर नत्र कमी आहे. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर लोह मिळत नाही. आणि सगळंच झाड फिकट, माती ओली, छिद्रातून कुबट वास, तर मुळं सडतायत आणि खत घालून ते आणखी बिघडेल.

किडींवर फार लिहीत नाही. दर दोन दिवसांनी पान उलटून बघणं हा माझा निम्मा उपाय आहे, कारण मावा, पांढरी माशी, लाल कोळी सगळे पानाच्या खालच्या बाजूला बसतात. दहा-वीस दिसताच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पान खालून धुवा, तीन दिवस सलग. थांबलं नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि काही थेंब सौम्य द्रव साबण चांगला घुसळून, उन्हं उतरल्यावर फवारा. आधी एका पानावर फवारून दुसऱ्या दिवशी बघा. मिरचीची शेंड्याची पानं आकसून वाटीसारखी वळली तर बहुतेक वेळा फुलकिडे किंवा कोळी असतात. विषाणूने गोळा झालेलं झाड बरं होत नाही, ते शेजारच्यांना लागण्याआधी काढून टाका.

राहिल्या तुमच्या सहा कुंड्या. मिरचीची दोन्ही झाडं वाचतील असं मला वाटतं. संध्याकाळी कुंडी आडवी करून गोळा सरकवून काढा आणि मुळं बघा. पांढरी, टणक ती जिवंत. तपकिरी, बुळबुळीत ती कात्रीने काढा. चिकट माती हलकेच झाडून प्रत्येक झाड नव्या मिश्रणाच्या १२ लिटरच्या कुंडीत लावा, असलेली फुलं खुडून टाका, एकदा भरपूर पाणी द्या आणि चार दिवस सावलीत ठेवा. त्यानंतर पाणी बोट सांगेल तेव्हाच. टोमॅटोची जुनी झाडं आता मोठ्या कुंडीत हलवण्यात अर्थ नाही. त्यांचे १२-१५ सेंटीमीटरचे निरोगी, बिनफुलांचे शेंडे कापून पाण्यात ठेवा. आठवडा-दीड आठवड्यात मुळं फुटतात. त्यातला सगळ्यात दणकट शेंडा २० लिटरच्या कुंडीत लावा, एका कुंडीत एकच. पालकाची विरळणी करा. मोकळ्या झालेल्या आठ इंची कुंड्यांतले खडे काढा, जुनी माती एका कापडावर पसरून मुळं वेचा, तिच्यात तेवढंच कोकोपीट आणि तेवढंच कंपोस्ट मिसळा आणि त्यांत मेथी पेरा. या मातीत लगेच परत टोमॅटो, मिरची किंवा वांगी लावू नका. ही तिन्ही एकाच कुळातली आहेत आणि त्यांचे रोगही एकच असतात.

मिरचीच्या शेंड्याकडे लक्ष ठेवा. दोन-तीन आठवड्यांत नवी पानं हिरवीगार आली की मुळांनी धरलं असं समजा, आणि तेव्हाच खताला सुरुवात करा. आधीची पिवळी पानं परत हिरवी होत नाहीत, ती एकेक करून गळतील.